गोचीड दिसतोय भिंतीवर, फवारा मारताय हिरवळीवर!

वाचकांचं पत्र

आमच्या घरामागे मध्यम आकाराचं अंगण आहे. मधे हिरवळ, कुंपणाला लागून झुडपं आणि कुंपणापलीकडे रान माजलेली मोकळी जागा. कोपऱ्यात लाकडांची रास आहे, एका बाजूला छोटं तळं आणि त्यात मासे. घरात चार आणि सात वर्षांची दोन मुलं, एक कुत्रा, एक मांजर. गेल्या महिन्यात मुलीच्या मानेवर एकदा आणि मुलाच्या मांडीवर दोनदा गोचीड सापडला. कुत्र्याच्या कानात तर रोज दोन-तीन निघतात. आता मागच्या ओसरीच्या भिंतीवर, अगदी छताजवळ, चालताना दिसू लागलेत. मी दोनदा सगळ्या हिरवळीवर निंबोळी तेल फवारलं, ओसरीच्या कोपऱ्यांत बोरिक पावडर टाकली. काहीही फरक नाही. पेस्ट कंट्रोलवाले दर महिन्याला संपूर्ण अंगणात औषध मारायचं म्हणतात. मुलं, मांजर, मासे बघता मला कमी विषारी मार्ग हवा आहे. असा मार्ग खरंच आहे का?

उत्तर

ताई, मार्ग आहे. पण कमी विषारी औषधं मुळात कमजोर असतात आणि फार दिवस टिकत नाहीत. जहाल औषध चुकीच्या जागी मारलं तरी थोडंफार काम करून जातं. सौम्य औषधाला ती चैन परवडत नाही. गोचीड नेमके कुठे आहेत हे आधी कळलं, तरच ते उपयोगी पडतं. आणि तुमच्या पत्रावरून वाटतं की तुमच्याकडे एक नाही, दोन वेगळ्या जागी गोचीड आहेत.

भिंतीवर चढणाऱ्यांपासून सुरुवात करू. रानातला, गवतातला गोचीड सहसा घराच्या भिंती चढत नाही. कोरड्या हवेत तो लवकर सुकून मरतो, त्यामुळे त्याला ओलसर पालापाचोळा हवा असतो. भिंतीच्या फटीतून वर सरकत छतापर्यंत जाणारा, एकसारख्या तपकिरी रंगाचा गोचीड बहुतेक वेळा कुत्र्याचा तपकिरी गोचीड असतो. त्याचं शास्त्रीय नाव ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस. हा कोरडी हवा सोसतो आणि घरात पिढ्यान् पिढ्या राहू शकतो. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी कुत्र्याच्या अंगावरून गळते, जवळची फट शोधते, तिथे हजारांच्या हिशेबात अंडी घालते आणि मरते. उबदार हवेत साधारण 2 ते 5 आठवड्यांत अंड्यांतून सहा पायांचे बारीक लार्व्हा निघतात आणि पुन्हा कुत्रा शोधू लागतात. म्हणजे ओसरीतल्या गोचिडांचं मूळ कुत्रा झोपतो त्या जागेच्या आसपास आहे. तुम्ही हिरवळीवर काहीही फवारलंत तरी त्यांना पत्ता लागणार नाही.

बोरिक पावडर का चालली नाही, तेही सांगून टाकतो. झुरळ, मुंगी ती पावडर खातात, निदान अंग चाटताना पोटात घेतात. गोचीड आयुष्यभर रक्ताशिवाय काही खात नाही. त्याच्यासाठी बोरिक पावडर म्हणजे नुसती धूळ, आणि चार वर्षांच्या मुलाच्या हाताला लागणारी धूळ. ती ओल्या फडक्याने पुसून काढा. याच कारणाने गोचिडासाठी कुठलंही आमिष चालत नाही.

ओसरीचं खरं औषध कुत्र्याच्या अंगावर आहे. पशुवैद्याकडून त्याला गोचिडाची गोळी सुरू करून घ्या. फ्लुरालॅनर, अफॉक्सोलॅनर, सॅरोलॅनर ही या गटातली नावं. पहिलं साधारण 12 आठवडे टिकतं, बाकीची दोन दर महिन्याला द्यावी लागतात. कुत्र्याला पूर्वी झटके आले असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण या गटातल्या औषधांनी झटके येऊ शकतात. या गोळीचा मोठा फायदा असा की औषध कुत्र्याच्या रक्तात राहतं, अंगणात कुठेही पसरत नाही. भुकेला गोचीड कुत्र्यावर चढतो, चावतो आणि अंडी घालण्याआधी मरतो. कुत्रा जणू चालता-फिरता सापळा होतो. म्हणून 'गोचीड फार झालेत' म्हणून त्याला दुसरीकडे बांधू नका. त्याला काढलंत तर भुकेले गोचीड माणसांकडे वळतात. आणि दोन आठवड्यांत कमी दिसले म्हणून गोळी बंद करू नका. फटीतली अंडी फुटत राहतात, निदान 4 महिने तरी खंड नको.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांमध्ये परमेथ्रीन असतं आणि ते मांजराला जीवघेणं ठरतं. मांजराला ते लावायचं नाहीच, पण कुत्र्याला लावलं तरी दोघं एकमेकांना चाटतात, एकत्र झोपतात. घरात मांजर असताना ते थेंब आणूच नका. मांजरासाठी तिचं वेगळं औषध पशुवैद्याकडूनच घ्या.

गोळीबरोबर ओसरीत हाताने करायची कामं आहेत, आणि ती फवारणीपेक्षा जास्त उपयोगी आहेत. दर 3-4 दिवसांनी व्हॅक्यूम क्लिनरचं चपटं तोंड भिंत आणि फरशीच्या सांध्यातून, दाराच्या चौकटीमागून, कुत्र्याच्या घराच्या कोपऱ्यांतून फिरवा. छताजवळचा सांधा विसरू नका, कारण फुगलेल्या माद्या वर चढतात. व्हॅक्यूमची पिशवी लगेच प्लास्टिकमध्ये बांधून फेका, नाहीतर गोचीड आतून चालत बाहेर येतात. कुत्र्याचं अंथरूण आठवड्यातून एकदा 60 अंशांच्या पाण्यात धुवा. कोमट पाण्यात गोचीड आरामात जगतो. वाफेचं यंत्र मिळालं तर फटीत हळूहळू फिरवा. भराभर फिरवलंत तर वाफ आत पोचायच्या आधीच गार होते.

यानंतर फटी कोरड्या असताना त्यांत डायटोमेशियस अर्थ (सूक्ष्म शेवाळाच्या जीवाश्मांची बारीक माती) किंवा सिलिकाची भुकटी भरा. ही भुकटी गोचिडाच्या कवचावरचा मेणाचा थर ओढून घेते, शरीरातलं पाणी उडून जातं आणि तो सुकून मरतो. यात विष नाही, पण तीन चुका नेहमी होतात. पहिली, ढीग टाकणं. थर इतका पातळ हवा की जेमतेम दिसावा. जाड ढिगाला गोचीड वळसा घालतो. रबरी फुग्याच्या डस्टरने फटीत फुंकणं सर्वांत बरं. दुसरी चूक म्हणजे नंतर फरशी धुणं. ओली भुकटी चिखल होते आणि काहीच करत नाही. तिसरी चूक घातक आहे: पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरसाठी मिळणारी भुकटी आणणं. ती भाजलेली असते, तिच्यात स्फटिकी सिलिका जास्त असते आणि फुप्फुसाला धोका असतो. कीटकनाशक म्हणून नोंदणी असलेली भुकटीच घ्या, मास्क लावा, मुलांना आत ठेवा. भुकटी फुंकून झाली की मोठ्या फटी सिलिकॉनने किंवा पुट्टीने बुजवून टाका. अंड्यांवर भुकटीचा उपयोग नाही, म्हणून बुजवणं हाच पक्का उपाय.

आता अंगण. मुलांच्या अंगावर निघालेले गोचीड ओसरीतले की कुंपणाजवळचे, हे पत्रावरून कळत नाही. ते शोधायला एक पांढरं जाडसर फडकं पुरतं. सुमारे 1 मीटर लांब-रुंद फ्लॅनेलचं कापड घ्या, पुढच्या कडेला काठी शिवा, काठीच्या दोन टोकांना दोरी बांधा. दव वाळल्यावर, वारा नसताना, ते जमिनीवरून हळू ओढत चाला. दर 10 मीटरवर थांबून दोन्ही बाजू बघा. निम्फ, म्हणजे लार्व्हाच्या पुढच्या अवस्थेतला, पूर्ण वाढ न झालेला गोचीड, खसखशीच्या दाण्याएवढा असतो, नुसती नजर फिरवली तर सुटतो. मधली हिरवळ, कुंपणाची कड, लाकडांची रास, झोपाळ्याखालची जागा अशी प्रत्येक जागेची वेगळी मोजणी लिहून ठेवा. हे ओढताना पँट मोज्यांत खोचा आणि नंतर कपडे ड्रायरमध्ये पूर्ण तापमानावर टाका. आधीच कोरड्या असलेल्या कपड्यांना 10 मिनिटं पुरतात, ओल्यांना जास्त वेळ लागतो.

मोजणीत काय दिसेल याचा अंदाज आताच देता येतो. मधल्या उन्हाच्या हिरवळीत शून्य किंवा एखादा आणि कडेच्या 2-3 मीटरच्या पट्ट्यात बाकीचे सगळे. गोचीड उडी मारत नाही, उडत नाही, झाडावरून अंगावर पडत नाही. गवताच्या किंवा पाल्याच्या टोकावर बसून पुढचे पाय पसरतो. त्या पायांवरच्या अवयवाने त्याला श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब कळते. कुणी घासून गेलं की चिकटतो. थोड्या-थोड्या वेळाने त्याला ओल घ्यायला खाली पाचोळ्यात परतावं लागतं. उघड्या हिरवळीत ही सोय नसते. तुमचं निंबोळी तेल जिथे गोचीड नव्हते तिथे पडलं. शिवाय निंबोळीतला अझाडिरॅक्टिन हा घटक उन्हात काही दिवसांतच निकामी होतो, आणि तो गोचिडाला जागच्या जागी मारतही नाही. कात टाकणं, अंडी घालणं यांत अडथळा आणतो. अंगणाच्या कामाला मी त्याच्यावर भिस्त ठेवणार नाही.

फवाऱ्याच्या आधी कड मोडून काढा. कुंपणाच्या आतल्या बाजूचा पाचोळा उचलून पिशव्यांत भरा आणि अंगणाबाहेर काढा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे पाचोळा झाडून कुंपणाच्या कडेलाच ढीग करणं. त्याने गोचिडांना नवं, आणखी ओलसर घर मिळतं आणि त्या पट्ट्यात ते उलट वाढतात. झुडपांच्या खालच्या फांद्या छाटा म्हणजे जमिनीवर ऊन पडेल. लाकडांची रास उन्हात हलवा आणि जमिनीपासून वर, फळीवर रचा. तिच्याखाली उंदीर राहतात, आणि गोचिडाची बरीच पिल्लं उंदरांवर पोसली जातात. मग झुडपं आणि हिरवळ यांच्यामध्ये 1 मीटर रुंद, 7-8 सेंटिमीटर जाडीचा खडीचा किंवा वाळलेल्या लाकडी ढलप्यांचा पट्टा टाका. ही काही लक्ष्मणरेषा नाही, गोचीड ओलांडू शकतो. पण कोरडी, तापणारी जागा तो टाळतो. शिवाय मुलांना 'खडीच्या पलीकडे जायचं नाही' एवढं सांगितलं की हद्द कळते. झोपाळा किंवा वाळूचा खड्डा कडेपासून निदान 3 मीटर आत, उन्हात आणा. हिरवळ 7-8 सेंटिमीटरवर कापली की पुरे, तासून जमीन उघडी पाडण्याची गरज नाही.

एवढं करून पुन्हा फडकं ओढा. बऱ्याच अंगणांत इथेच थांबता येतं. तरी कडेच्या पट्ट्यात गोचीड येतच असतील तर फवारणी करा, पण फक्त त्या पट्ट्यात.

सौम्य औषधांत माझी पहिली पसंती बुरशीला आहे. मेटारायझियम किंवा बिव्हेरिया बॅसियाना. बुरशीचा बीजाणू गोचिडाच्या कवचावर पडतो, रुजतो, कवच भेदून आत शिरतो आणि काही दिवसांत गोचीड मरतो. लगेच मेलेले दिसत नाहीत म्हणून लोक दुसऱ्या दिवशी 'बोगस' म्हणून डबा फेकतात. 7 ते 10 दिवस थांबायला हवं. ही बुरशी जिवंत असते, तेव्हा तिला जिवंत ठेवणं तुमच्या हातात आहे. तारीख उलटलेला किंवा उन्हात ठेवलेला डबा घेऊ नका. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते रात्रभर उघडं ठेवून मग वापरा. फवारा पंपात पूर्वी बुरशीनाशक वापरलं असेल तर साबणाने नीट धुवा, किंवा सरळ दुसरा पंप घ्या. निंबोळी तेल किंवा दुसरं काही त्यात मिसळू नका. कडक ऊन आणि 35 अंशांवरचं तापमान बीजाणूंना मानवत नाही, म्हणून फवारणी सूर्य मावळताना, जमीन ओलसर असताना करा. पुढचा एक दिवस जोराच्या पावसाचा नसावा.

किती लागेल हे अंदाजाने ठरवू नका. 10 चौरस मीटर जागा दोरीने आखा आणि पंपात साधं पाणी मोजून भरा. पाचोळ्याचा वरचा थर उचलल्यावर खालचाही ओला दिसेल इतकं फवारा. समजा 2 लिटर लागलं. तुमचा पट्टा 60 चौरस मीटर असेल तर 12 लिटर पाणी हवं. लेबलवर लिटरला 5 ग्रॅम लिहिलं असेल तर 60 ग्रॅम भुकटी. ती आधी थोड्या पाण्यात कालवून, कापडातून गाळून पंपात ओता, म्हणजे नोझल तुंबणार नाही. मधेमधे पंप हलवा, बीजाणू तळाशी बसतात. धुकट फवारा वरच्या पानांवरच अडकतो, म्हणून नोझल जाड थेंबांचं ठेवा आणि रोख खाली, पाचोळ्याकडे. लेबलवर निवासी जागेसाठी आणि गोचिडासाठी परवानगी आहे ना, ते आधी वाचा. मात्रा लेबल सांगेल तीच. दुसरी फवारणी 3-4 आठवड्यांनी.

रोझमेरी, पेपरमिंट, देवदार यांच्या तेलांची तयार औषधंही मिळतात. त्यांचा थेंब गोचिडावर प्रत्यक्ष पडला तरच तो मरतो आणि परिणाम आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो. म्हणजे वारंवार फवारा. उत्पादनाप्रमाणे गुणही फार बदलतो. आणि 'नैसर्गिक' हा शब्द बघून निर्धास्त होऊ नका. ही तेलं मांजराच्या यकृताला पचत नाहीत, साबण आणि तेल दोन्ही माशांना घातक आहेत, कोवळी पानं जळतात. वापरायचीच असतील तर आधी चार पानांवर मारून 48 तास बघा, पूर्ण वाळेपर्यंत मांजर आत ठेवा. कुठलाही फवारा मारताना तळं प्लास्टिकने झाका आणि त्याच्या कडेपासून निदान 3 मीटर दूर राहा. फुललेल्या झाडांवर काहीही मारायचं नाही, बुरशीसुद्धा नाही. मधमाश्या असतात.

कोंबड्या पाळा, सूत्रकृमी (किडे मारणारे मातीतले सूक्ष्म जंत) सोडा असे सल्लेही तुम्हाला मिळतील. कोंबडी मोठा गोचीड टिपते, पण खसखशीएवढा निम्फ तिच्या हाती लागत नाही. सूत्रकृमी मुख्यतः फुगलेल्या माद्यांवर चालतात, माणसाला चावणाऱ्या निम्फवर नाही. दोन्ही सोडून द्या.

पेस्ट कंट्रोलवाले जे मारतील ते बहुधा बायफेन्थ्रीन, सायपरमेथ्रीन किंवा डेल्टामेथ्रीन असेल. गोचिडांवर ती बुरशीपेक्षा निश्चितच जोरकस आहेत, पण माशांना आणि मधमाश्यांना अतिशय विषारी. त्यातही एक गंमत आहे. अमेरिकेत 2011-12 मध्ये अडीच हजारांहून अधिक घरांच्या अंगणांत चाचणी झाली. काहींत बायफेन्थ्रीन, काहींत नुसतं पाणी फवारलं. बायफेन्थ्रीनच्या अंगणांत गोचीड 63 टक्क्यांनी घटले, पण तिथल्या माणसांना गोचीड चिकटण्याचं किंवा त्यांपासून होणाऱ्या आजारांचं प्रमाण कमी झालं नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या डचेस काउंटीत बुरशीचा फवारा आणि उंदरांच्या अंगावरचे गोचीड मारणाऱ्या औषधी पेट्या वापरून पाहिल्या. गोचीड कमी झाले, पाळीव जनावरांचे आजार घटले, माणसांचे नाही. म्हणून फवारा बुरशीचा असो की रसायनाचा, रोज अंग तपासणं चुकत नाही.

संध्याकाळी मुलांना आंघोळ घालताना केसांत, कानामागे, मानेवर, काखेत, बेंबीत, जांघेत आणि गुडघ्यामागे बघा. चिकटलेला गोचीड टोकदार चिमट्याने अगदी त्वचेलगत धरा आणि न पिरगळता सरळ वर ओढा. रॉकेल, व्हॅसलीन, पेटती काडी यांतलं काही नको. त्याने तो सुटत नाही, उलट पोटातलं जखमेत ओकण्याची शक्यता वाढते. नखाने चिरडू नका. जागा साबणाने धुवा आणि तारीख कॅलेंडरवर लिहा. पुढच्या महिन्याभरात ताप, पुरळ, सांधेदुखी आली तर डॉक्टरांना ती तारीख सांगा. कडेच्या भागात जायचं असेल तर गोचिडांना दूर ठेवणारं पिकारिडिन किंवा डीईईटीचं मलम चालेल. लेमन युकॅलिप्टसचं तेल 3 वर्षांखालील मुलांना लावत नाहीत, तुमची दोन्ही मुलं त्यापुढची आहेत.

ओसरीत चौथ्या-पाचव्या आठवड्यात भिंतीवर अचानक बारीक ठिपके सरकताना दिसतील. घाबरून पेस्ट कंट्रोलला फोन करू नका. ती गोळी सुरू होण्याआधी घातलेली अंडी फुटलेली असतात. रुंद चिकटपट्टीने ते ठिपके टिपून घ्या, व्हॅक्यूम चालू ठेवा. तिसऱ्या महिन्यानंतरही फुगलेल्या, करड्या, मटाराएवढ्या माद्या दिसत असतील तर मात्र त्या कुठून तरी रक्त पीत आहेत. एकतर कुत्र्याची गोळी चुकली असेल, तिची मात्रा वजनाला कमी पडली असेल, किंवा ओसरीत रात्री एखादं भटकं कुत्रं येऊन झोपत असेल. अशा वेळी फवाऱ्याऐवजी पशुवैद्याकडे जा, आणि ओसरीला फाटक लावा.